‘चालतंय की’ म्हणणाऱ्या बाईचा पिप रिव्ह्यू : एका मोफत सल्ला केंद्राबद्दल

माझा पिपचा, म्हणजे अपंगत्वासाठीच्या सरकारी मदतीचा, फॉर्म नीट भरायला मदत करणाऱ्या केंद्राला पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो खुर्च्यांसाठी.

पाठ, गुडघे, कंबर घेऊन येणाऱ्या माणसांच्या केंद्रात बुटक्या, बिनहाताच्या खुर्च्या कोणी आणून ठेवल्या कोण जाणे. पहिल्या दिवशी मी बसले खरी, पण नाव पुकारल्यावर उठताच येईना. आमचे हे समोर उभे राहून दोन्ही हातांनी मला ओढतायत, मी हसतेय आणि शेजारचा पोलिश म्हातारा काठी टेकवत मदतीला उठतोय, असा तो देखावा. दोनदा तक्रारवहीत लिहिलं. खुर्च्या अजून त्याच आहेत. तेव्हा जाताना घरून उशी न्या.

केंद्राचं नाव लिहीत नाही. लंडनच्या पश्चिमेला, जिथे विमानं डोक्यावरून जातात त्या भागातलं आहे. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, इमारतीत, पहिल्या मजल्यावर. इंग्लंडात बऱ्याच गावांत असं एखादं मोफत सल्ला केंद्र असतं. लायब्ररीत किंवा डॉक्टरांच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, विचारलं की पत्ता मिळतो.

आधी माझं सांगते. वय ६३, मूळची कोल्हापूरची, इथे शाळेच्या किचनमध्ये १७ वर्षं मोठमोठे ट्रे उचलले. मणक्यातली नळी अरुंद झालीय, त्याला स्पायनल स्टेनोसिस म्हणतात, आणि दोन्ही गुडघे गेलेत. २०२१पासून पिप मिळतं. पिप म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट. २०१३ साली जुन्या डिसॲबिलिटी लिव्हिंग अलाउन्सच्या जागी कामाच्या वयातल्या लोकांसाठी ही मदत सुरू झाली. तुम्ही किती कमावता हे त्यात बघत नाहीत, तुम्हाला काय करता येतं आणि काय नाही ते बघतात. त्यातल्या मोबिलिटीच्या, म्हणजे चालण्याफिरण्याच्या, भागात मला तेव्हा १० गुण मिळाले होते, म्हणजे स्टँडर्ड दर. काठी घेऊन २० मीटरच्या पुढे जाते, पण ५०च्या पुढे नाही, असा त्याचा अर्थ. १२ गुणांना एन्हान्स्ड, म्हणजे वाढीव, दर. एप्रिल २०२५पासूनच्या वर्षात स्टँडर्ड आठवड्याला २९.२० पौंड होता आणि एन्हान्स्ड ७७.०५. दोन गुणांमागे आठवड्याला ४७.८५ पौंडांचा फरक.

त्याच एप्रिलमध्ये रिव्ह्यूचा, म्हणजे मिळणारी मदत पुन्हा तपासण्याचा, फॉर्म आला. परत पाठवायला एक महिना. प्रत्येक कामापुढे विचारतात की हे आता सोपं झालंय, अवघड झालंय की तसंच आहे, बदल कधीपासून आणि आता कसं निभावता. मी चहा पितापिता अर्ध्या तासात भरून टाकला. ‘तसंच आहे’, ‘तसंच आहे’. चालण्यापुढे ‘थोडं अवघड’. आणि खाली एक वाक्य, की पूर्वीपेक्षा त्रास वाढला आहे, पण चाललंय.

आमच्या कोल्हापुरात कुणी काही विचारलं तरी उत्तर एकच, चालतंय की. पाऊस पडला, चालतंय. भाजीत मीठ जास्त झालं, चालतंय. पाय चालत नाहीत, तरी चालतंयच. हा फॉर्म मी तसाच भरला होता. पाकिटाला गोंद लावायच्या आधी आमच्या वरच्या फ्लॅटमधली नागपूरची मुलगी आली. इथे हॉस्पिटलात नोकरीला आहे. तिने वाचला आणि म्हणाली, ‘काकू, हा पाठवू नका. आधी कुणाला तरी दाखवा.’

तर केंद्राचा फोन. त्याबद्दल चांगलं लिहिता येणार नाही. दोन दिवस नुसती धून ऐकली, तिसऱ्या दिवशी लागला. वेळ मिळाली ११ दिवसांनंतरची. तोवर महिना संपत आला. त्यांनीच सांगितलं की फॉर्मबरोबरच्या पत्रावर नंबर आहे, तिथे फोन करून मुदत वाढवून मागा. मागितली, दोन आठवडे मिळाले. मुदत संपायच्या आत फोन करा, नंतर नाही.

आता त्या बाईंबद्दल. आयरिश आहेत, साठीच्या आसपास, चष्मा साखळीला लटकवलेला. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर त्यांच्या टेबलापर्यंत एक लांब व्हरांडा आहे. त्या मला घ्यायला लिफ्टपाशी आल्या. बरोबर चालल्या, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. कौन्सिलची नोटीस बघायच्या निमित्ताने मी भिंतीशी थांबले. पुढे खिडकीपाशी परत थांबले, बाहेरचं चेरीचं झाड बघितलं. टेबलाशी बसल्यावर त्यांनी माझा फॉर्म वाचला आणि विचारलं, ‘लिफ्टपासून इथवर किती वेळा थांबलात?’

मी म्हटलं, नाही थांबले.

‘दोनदा थांबलात. नोटीस जर्मन भाषेच्या क्लासची होती. तुम्हाला जर्मन शिकायचंय का?’

मला हसू आलं आणि मग रडू आलं. चालताना थांबते आहे हे लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी काहीतरी बघायला थांबते, हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. दुकानांच्या काचा, कुणाची बाग, फोनवरचा मेसेज. आमच्या ह्यांना वाटायचं, ही हल्ली फार रेंगाळते.

त्या दिवशी त्यांनी फॉर्मला हात लावला नाही. घरी जाऊन तीन गोष्टी करा म्हणाल्या आणि दहा दिवसांनी परत बोलावलं.

पहिली गोष्ट, मोजायचं. २० मीटर म्हणजे अंदाजे दोन बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होतात तेवढे. पण अंदाज नको, टेप लावा म्हणाल्या. आमच्याकडे पाच मीटरची लोखंडी टेप. ह्यांनी फुटपाथवर खडूने खुणा करत करत मोजलं. आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरची लाल पत्रपेटी १७ मीटरवर निघाली. मी रोज जिथे हात टेकते तीच. मग ह्यांनी घड्याळ लावलं आणि मी काठी घेऊन निघाले. पेटीपर्यंत ५५ सेकंद, त्यात मध्ये एकदा थांबणं. पेटीला टेकून, पाठ वाकवून उभी राहिले तेव्हा मांड्यांतून मुंग्या खाली उतरत होत्या आणि उजवं पाऊल आपलं नाहीच असं वाटत होतं. परत फिरायच्या आधी शेजाऱ्यांच्या कट्ट्यावर दहा मिनिटं बसले. ह्यांनी हे सगळं विजेच्या बिलाच्या पाकिटावर लिहून घेतलं. बाईंनी पुढे ते पाकीटच झेरॉक्स केलं.

नियम इथे कळला, आणि माझ्या मते रिव्ह्यूला बसणाऱ्या प्रत्येकाने हा एवढा तरी समजून घ्यावा. एखादं अंतर तुम्ही कसंबसं गाठलंत म्हणजे ते तुम्हाला ‘येतं’ असं धरत नाहीत. ते सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात यायला हवं. वाजवी म्हणजे धडधाकट माणसाला जास्तीत जास्त जेवढा वेळ लागेल त्याच्या दुपटीच्या आत. रस्ता ओलांडायच्या सिग्नलला इथे चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने १७ मीटरला १४ सेकंद, दुप्पट २८. मला लागले ५५. वर दुपारपर्यंत पुन्हा तेवढं चालता येत नाही, म्हणजे ‘पुन्हा पुन्हा’ही नाही. बाई म्हणाल्या, ‘तुम्ही लिहिलंय थोडं अवघड. कायद्याच्या हिशेबात तुम्ही पत्रपेटीपर्यंतही पोचत नाही.’

दुसरी गोष्ट, रोज नोंद ठेवायची. वही कुठे शोधणार, मी आपली स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर खुणा केल्या. भाचा दर वर्षी येताना बॅगेत घडी घालून आणतो. ज्या दिवशी पेटीपर्यंत जाऊन आले तिथे बरोबरची खूण, नाही त्या दिवशी फुली. भेट झाली तरी नोंद चालूच ठेवली. २८ दिवसांत ९ बरोबर, १९ फुल्या. एका एकादशीवर फुलीशेजारी मी ‘जिन्यात बसून राहिले’ असं लिहिलं होतं. निम्म्याहून जास्त दिवस जी स्थिती असते ती धरतात, म्हणून ही मोजणी. बाईंनी ते पान उलटंसुलटं करून बघितलं. तिथी, नक्षत्रं, मागचा लेख, सगळं त्यांना फार आवडलं. वरच्या मुलीने इंग्रजीत तक्ता करून दिला आणि दोन्ही कागद जोडले.

तिसरी गोष्ट तारखेची. कधीपासून बिघडलं? मी म्हटलं, दिवाळीपासून. रांगोळी काढायला बसले आणि उठताना डावा पाय मुका झाला, तेव्हापासून. त्यांनी मोबाइलवर दिवाळी शोधली, ऑक्टोबर २०२४ची अखेर. मग माझ्या फाइलीतून नोव्हेंबरचं फिजिओचं पत्र आणि त्यानंतरचा एमआरआय काढला. तारखा जुळल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘तेव्हा कळवलं का नाहीत?’

मला वाटायचं, रिव्ह्यूचं पत्र आलं की सांगायचं. तसं नसतं. चालणं बिघडलं किंवा सुधारलं, दोन्ही आपणहून फोन करून कळवायचं असतं. बिघाडाला तीन महिने झाले आणि पुढे नऊ महिने तसंच राहील असं दिसलं की वाढीव दर लागू शकतो. पण त्या वेळेपासून महिन्याभरात कळवलं तर मागचे पैसे, उशीर केला तर साधारण कळवल्या दिवसापासून पुढचे. माझी दिवाळी धरली तर जानेवारीअखेरीस हक्क आला होता. मी ‘चालतंय’ म्हणत बसले आणि ते महिने गेले.

माझ्या नणंदेसाठी त्यांनी आणखी एक सांगितलं. स्टेट पेन्शनचं वय झाल्यावर चालणं बिघडलं, तर मोबिलिटी स्टँडर्डवरून एन्हान्स्डवर नेता येत नाही. वय व्हायच्या आधी बिघडलं असेल आणि तुम्ही गप्प बसला असाल, तर ते मागाहून पटवून देणं महाकठीण. ज्यांचं वय जवळ आलंय त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा.

दुसऱ्या भेटीत फॉर्म भरला. अडीच तास. इथे मला त्या बाईंचा खरा मोठेपणा दिसला. आमच्या मंडळातल्या एकाने सल्ला दिला होता, ‘वहिनी, सरळ लिहून टाका, एक पाऊल टाकता येत नाही.’ मी तसं म्हटल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘तुम्ही पाऊल टाकता. मी बघितलंय. जे खरं आहे तेच पुरेसं आहे.’ आणि आंघोळीपुढे मी भीतीपोटी ‘अवघड’ लिहायला निघाले होते, तिथे त्यांनी टबावर बसवलेल्या फळीमुळे सोपं झालंय, पण फळीशिवाय जमत नाही, असं लिहायला लावलं. वाढ मागितली की सगळंच पान पुन्हा उघडतं, चालणंही आणि बाकीचंही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. गुण कमीही होऊ शकतात. तुम्हाला तयारी आहे ना, असं विचारून मगच पुढे गेल्या.

ट्रॉलीचं मात्र आम्ही दोघी विसरलो.

सप्टेंबरमध्ये तपासणीचा फोन आला. हे काम सरकारने कंपन्यांना दिलेलं आहे. नर्स, फिजिओ, पॅरामेडिक असं कुणीतरी प्रश्न विचारतं आणि अहवाल लिहितं. गुण मात्र खात्यातला अधिकारी ठरवतो. माझ्या फोनवर एक तरुण मुलगी होती, गोड बोलायची. पहिला प्रश्न, आज कशा आहात? मी म्हटलं, ‘फाइन, थँक यू.’ पुढे, खरेदीला कोण जातं? आम्ही दोघं, शुक्रवारी. दुकानात फिरता? हो, ट्रॉली घेऊन. मध्यंतरी भारतात गेला होतात का? हो, पुतण्याच्या लग्नाला. विमानतळावर व्हीलचेअर घेतली होती हे मी सांगितलंच नाही. मुंबईच्या विमानाला व्हीलचेअरच्या रांगेत इतके ठणठणीत आजी-आजोबा बसलेले असतात, की मला खरी गरज असूनही ते सांगायची लाजच वाटते.

ऑक्टोबरात निर्णय आला, बदल नाही, १० गुण. कंपनीचा अहवाल फोन करून मागवता येतो, तो मागवला. त्यात लिहिलं होतं की मी दर आठवड्याला सुपरमार्केटमध्ये फिरते, परदेश प्रवास करते, फोनवर बोलताना दम लागला नाही आणि स्वतः ‘फाइन’ असल्याचं सांगितलं. कणकेचे हात तसेच, मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि मग ओट्याला टेकले. दम लागायला मी धावत होते काय? आणि पाठीच्या नळीच्या दुखण्यात दम लागतो हे त्या मुलीला कोणी शिकवलं?

पुन्हा केंद्र. ह्या वेळी फोन पहिल्या झटक्यात लागला, तेही नोंदवते. बाईंनी विचारलं, ‘ट्रॉली कशी धरता?’ मी उठून टेबलाच्या कडेवर कोपरं टेकवून, कंबरेत वाकून दाखवलं. स्टेनोसिसमध्ये पुढे वाकलं की नळी थोडी मोकळी होते आणि पाय सुटतात. म्हणून ट्रॉलीवर ओणवं होऊन मला दोन रांगा जाता येतं, आणि ताठ उभं राहून बटाट्यापासून कांद्यापर्यंत नाही. बाकीचा वेळ मी औषधांच्या काउंटरजवळच्या बाकावर असते आणि हे यादी घेऊन फिरतात. बाई म्हणाल्या, ‘मग तुम्ही दुकानात चालत नाही. तुम्ही चाकं असलेल्या कुबडीवर लोंबकळता. हे लिहू.’

पहिल्या निर्णयावर फेरविचार मागायचा, त्याला मँडेटरी रीकन्सिडरेशन म्हणतात. पत्रावरच्या तारखेपासून एक महिना. त्यांनी दीड पानाचं पत्र लिहिलं. ‘अन्याय झाला’ वगैरे काही नाही. १७ मीटर, ५५ सेकंद, कट्ट्यावरची १० मिनिटं, १९ फुल्या, ट्रॉलीवरची कोपरं, विमानतळावरची व्हीलचेअर. सोबत फिजिओने ट्रॉलीबद्दल लिहून दिलेल्या चार ओळी. नाही ऐकलं तर ट्रिब्युनल, त्यालाही फेरविचाराच्या निकालापासून एक महिना. तिथे न्यायाधीशांबरोबर एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेला एक सदस्य बसतो, फी नाही, आणि ‘मी बरोबर येईन’, हेही त्यांनी सांगितलं. त्यामुळे रात्री झोप लागली.

तिथवर जावं लागलं नाही. जानेवारीत पत्र आलं, मोबिलिटी १२ गुण. अपंगांना गाडी लावायची सवलत देणारा ब्लू बॅज आधीपासून होताच, चालण्याच्या त्या रकान्यात ८ गुण असले की इंग्लंडात तो मिळतो. आता गाडीचा रोड टॅक्स अर्ध्याऐवजी पूर्ण माफ झाला. मोटॅबिलिटीची, म्हणजे ह्या पैशांच्या बदल्यात भाड्याने मिळणारी, गाडी घ्यायचा हक्कही आला, पण आमच्या ह्यांचा त्यांच्या जुन्या टोयोटावर माझ्यापेक्षा जास्त जीव. मी ढकलत चालायचा चार चाकांचा रोलेटर घेतला, बसायला सीट असलेला. आता जर्मन भाषेची नोटीस वाचावी लागत नाही.

स्कॉटलंडमधल्या वाचकांसाठी : तुमच्याकडे पिपच्या जागी ॲडल्ट डिसॲबिलिटी पेमेंट आहे. कार्यालय वेगळं, फॉर्म वेगळा, तेव्हा सल्ला तिथलाच घ्या. दुभाष्याची सोय मागितली तर मिळते असं केंद्रातल्या पाटीवर लिहिलंय. मला लागली नाही, पण सासूबाई असत्या तर लागली असती.

कामाची माहिती : सकाळी साडेनऊला दार उघडतं, वेळ न ठरवता जायचं तर सव्वानऊला पोचा. लिफ्ट मागच्या बाजूला आहे, पुढच्या दाराने गेलात तर पायऱ्या लागतील. जुन्या अहवालाची प्रत, औषधांची यादी आणि चष्मा न्या. पैसे घेत नाहीत. मी करंज्या नेल्या होत्या, तर बाईंनी आधी एक रजिस्टर काढलं, ‘भेटवस्तू’ रकान्यात तारीख घातली, किती आहेत ते मोजून २४ लिहिलं आणि मला नावाचं स्पेलिंग विचारलं.